कड्यावरची मोजणी

१

शालोमआजोबांचं काम तसं सोपं होतं. कड्यावर घडीची खुर्ची टाकून बसायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि पाण्यातली डोकी मोजायची.

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा उत्तर किनारा. किनाऱ्यापासून अर्ध्या मैलावर पाण्याखाली एक खडक आहे, गावचे लोक त्याला ‘ऐरण’ म्हणतात. उन्हाळ्यात तिथं काही दिसत नाही. पण थंडीत अटलांटिकवर वादळ उठलं की दोन दिवसांनी त्या खडकावर पाणी उभं राहतं, तीन-तीन मजले. आणि त्या पाण्यावरून फळीवर उभं राहून घसरत येणारी माणसं आहेत. आजोबांची नात अयेलेत त्या माणसांवर डॉक्युमेंटरी करत होती. लाटेवर उभं राहणाऱ्यांवर, आणि जे पुन्हा उभे राहिले नाहीत त्यांच्यावरही. तिचा धाकटा भाऊ इताय हा त्या फळीवाल्यांतलाच एक.

पाण्यात रोज चौघं असायची. इताय आणि मायरा फळीवर. त्यांना लाटेपर्यंत ओढून न्यायला आणि पडले की उचलून आणायला दोन जेट-स्की. एकीवर राज, दुसरीवर पेरन. पेरन गावातलाच, साठीचा, मितभाषी. बाकीची सगळी लंडनची पोरं.

लाट कधी एकटी येत नाही. पाच-सहांची झुंड येते, मग थोडी उसंत. झुंड गेली की खालचं पाणी पांढराफेक फेस होऊन जातं, कोण कुठं आहे कळत नाही. तेव्हा अयेलेत रेडिओवर विचारायची, “काउंट?” आजोबांनी आकडा सांगायचा. चार म्हटलं की काम पुढे. कमी भरले तर ती म्हणायची, “पुन्हा मोजा.” कारण कधी कोणी लाटेआड असतो. दुसऱ्यांदाही कमी भरले तर मग कॅमेरे सोडून सगळ्यांनी धावायचं.

या कामाचा खरा माणूस पहिल्याच आठवड्यात शेवाळावरून घसरला, पाय मोडून घेतला. आजोबा आले होते ते नुसते सोबत. बेलाआजी गेल्यापासून लंडनमधल्या हेंडनच्या घरात त्यांना एकटं ठेवायला नातवंडं तयार नव्हती. शाळा त्यांची दुसरीपर्यंत. पण हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं त्यांनी चादरी मोजल्या होत्या, एकीची चूक नाही. शिवाय गेल्याच वर्षी दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढलेला.

“आजोबांना माझ्यापेक्षा लांबची दिसते,” इताय म्हणाला. त्याचं मराठी असंच होतं.

आणि ती खुर्ची आजोबांची झाली.

२

आजोबांच्या घरी, तिकडे कोकणात नवगावच्या ज्यू वस्तीत, माणूस मोजत नसत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते भरले की नाही हे तर बघावंच लागे. तेव्हा त्यांचे वडील एकेकावर नजर फिरवत पुटपुटायचे, “एक नाही, दोन नाही, तीन नाही...” बोट कधी करायचे नाहीत. का, ते शालोमनं विचारलं नाही, वडिलांनी सांगितलं नाही. ताटात वाढलेलं काय आहे हे जसं विचारत नाहीत, तसंच ते.

कड्यावरही ते तसंच मोजत. ओठातल्या ओठात मोजायचं, मग बटण दाबून “चार” म्हणायचं. पण हातमोज्यात बटण कधी दाबलं जातंय ते कळत नसे.

यशोधन नावाचा एक पुण्याचा मुलगा होता. एरवी मेडनहेडला कॉम्प्युटरच्या नोकरीत, सध्या रजा टाकून कॅमेरा धरायला आलेला. आवाजाच्या फायली लावताना त्यानं ते ऐकलं आणि हेडफोनच काढले.

“आजोबा, अहो काय हे! ‘एक नाही, दोन नाही, तीन नाही, चार नाही.’ म्हटलं, गेले सगळे!”

सगळे हसले. अयेलेतही हसली, पण ती लगेच कामाचं बोलली. “आजोबा, हा आवाज फिल्ममध्ये जाणार आहे. खाली सबटायटल काय देऊ मी? चार माणसं नाहीत? सरळ मोजा ना प्लीज. बोट करून, एक, दोन, तीन.”

“बोट करून?”

“हो, म्हणजे तुमची चूक नको व्हायला.”

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. नातीचं काम आपल्या जुन्या सवयीपायी अडायला नको, असं त्यांना वाटलं.

“बरं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली झुंड गेली. रेडिओ म्हणाला, “काउंट?” आजोबांनी हातमोजा काढला, बोट पुढे केलं आणि एकेकावर टेकवत मोजलं.

“एक. दोन. तीन. चार. पाच.”

३

रेडिओवरून अयेलेत लगेच म्हणाली,

“आजोबा, पुन्हा मोजा.”

त्यांनी पुन्हा मोजलं. पाच.

मग पेरनचं हसणं ऐकू आलं, घोगरं. सील असेल म्हणाला. इथं ते समुद्री प्राणी पुष्कळ. पाण्यातून नुसतं डोकं वर काढतात, लांबून माणसासारखंच दिसतं. लगेच सगळे थट्टेला लागले. मायरा म्हणाली, फिल्मच्या शेवटी त्याचंही नाव टाका. इताय ओरडला, “आजोबा, तो सील माझी फॅन आहे!”

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. अयेलेत विचारायची, “काउंट?” आजोबा म्हणायचे, “पाच.” ती म्हणायची, “म्हणजे चार आणि सील. ओके, पुढे.”

आजोबांनाही ते पटलं होतं. पटायला काय हरकत होती? पण दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाला बघण्याशिवाय दुसरा धंदा नसतो. डावीकडच्या खडकांपाशी खरे सील होते, ते त्यांनी नीट बघून घेतले. लाट आली की सील बुडी मारतो, ती गेल्यावर भलतीकडेच वर येतो. हा बुडी मारत नसे. लाट त्याच्यावरून जायची, फेस विरायचा आणि तो तिथंच. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा.

आणखी एक होतं. पाण्यातला माणूस समुद्राकडे बघत असतो. पेरननं पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं, वाट्टेल ते करा पण समुद्राला पाठ करू नका. चौघांची तोंडं कायम तिकडे, येणाऱ्या लाटेकडे.

पाचव्याचं तोंड कड्याकडे होतं.

४

डिसेंबरात तिकडे चारलाच दिवे लागतात. भाड्याच्या घराच्या बैठकीत पाण्यात घालायचे रबरी वेटसूट वाळत घातलेले असत, हीटरवर मोजे. घरभर रबराचा आणि मिठाचा वास. यशोधन स्क्रीनपुढे बसून दिवसभराचं चित्रण बघायचा. आजोबा त्याच्या मागे स्टूल घेऊन बसायचे.

“तो सील दाखव रे जरा.”

“अहो आजोबा, मी तीन दिवस शोधतोय. नाही सापडत. हे बघा, हा इताय, ही मायरा, हा राज, हा पेरन. संपलं.”

“लहान दिसत असेल.”

“मोठं करून बघितलं. फक्त पाणी आहे.” मग त्याला म्हाताऱ्याची दया आली असावी. “नवीन भिंग आहे ना तुमच्या डोळ्यात? उजेडाचा ठिपका दिसतो कधीकधी. माझ्या आईलाही दिसायचा.”

हेही पटण्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी आधी डावा डोळा झाकून मोजलं, मग उजवा. मग दुर्बीण खाली ठेवून. पाच, पाच आणि पाच. खडकावरचे पक्षी मोजले, यशोधनला मोजायला लावले, दोघांचे एकोणीसच आले. बंदरातल्या होड्या मोजल्या, बरोबर. स्वतःची बोटंसुद्धा मोजली, आणि मग स्वतःचंच हसू आलं.

संध्याकाळी पेरन ओसरीत दोर गुंडाळत बसला होता. आजोबा जवळ जाऊन बसले. दोघांचं इंग्रजी दोन तऱ्हेचं, पण म्हाताऱ्यांना एकमेकांचं कळतं.

“सील समुद्राला पाठ करून बसतो का?” आजोबांनी विचारलं.

पेरनचे हात थांबले. “खांदे दिसतात?”

“काय?”

“सीलला खांदे नसतात, शालोम. याला दिसतात का?”

आजोबांनी त्या सकाळीच बघितले होते. लाट ओसरताना क्षणभर पाणी खाली गेलं होतं.

“फार लांब आहे,” ते म्हणाले. आयुष्यात मोजणीबद्दल ते पहिल्यांदाच खोटं बोलले. नातीचं काम बंद पडेल, हे एक. आणि खरं तोंडातून काढलं की ते खरंच होऊन बसेल, हेही.

पेरननं दोर सोडून पुन्हा पहिल्यापासून गुंडाळला.

५

पाचवा जवळ येत होता. म्हणजे कड्याच्या नाही, चौघांच्या. आधी तो शंभर हात बाजूला असे. मग पन्नास. एका दुपारी लाटेची वाट बघत इताय आणि मायरा फळ्यांवर बसून गप्पा मारत होते, आणि तो त्यांच्यात होता. मधे, बरोबर मधे. त्या दोघांनी मान वळवली नाही.

त्याच रात्रीच्या बातम्यांत मोठं वादळ सांगितलं. गुरुवारी सकाळी ऐरणीवर पन्नास फुटांचं पाणी. अयेलेत दोन हिवाळे याच दिवसाची वाट बघत होती.

गुरुवारी उजाडता उजाडता आजोबांनी इतायला स्वयंपाकघरात गाठलं. तो उभ्याउभ्याच पॉरिज खात होता.

“आज नको जाऊस.”

“का, आजोबा?”

“माझी मोजणी बरोबर येत नाही.”

“सील?” इताय हसला. मग त्यांचा चेहरा बघून चमचा खाली ठेवला. “आजोबा, तुम्ही असला की मला भीती नाही वाटते. खरं सांगतो. पाण्याखाली असलो ना, काळी असते सगळं. वर कुठली बाजू, कळत नाही. तेव्हा मी म्हणतो, वर आजोबा मोजतोय. मी नाही दिसला तर त्यांना कळेल.”

ते अयेलेतकडे गेले. ती गाडीत बॅटऱ्या भरत होती.

“मला भीती नाही वाटत असं वाटतं का तुम्हाला?” ती म्हणाली. आवाज एकदम वर गेला. “माझा भाऊ आहे तो! आई मला फोन करून रोज रडते. म्हणून तर तुम्हाला बसवलंय तिथं. तिथं दुसरा कोणी असता तर मी इतायला पाण्यात पाठवलंच नसतं. तुम्ही चुकत नाही, आजोबा. बस.”

आजोबांनी तिच्या हातातली पेटी घेतली आणि गाडीत ठेवली.

६

वारा इतका होता की खुर्ची दगडांनी दाबून ठेवावी लागली. यशोधन खाली वाळूवर होता. अयेलेतनं मोठा कॅमेरा आज आजोबांच्या शेजारीच लावला, आपला रेडिओ त्याच्या तिवईला अडकवला. समुद्राचा आवाज कानानं नाही, पायाखालच्या दगडातून कळत होता.

दहाच्या सुमारास इतायनं ती लाट घेतली. राजनं त्याला ओढत नेऊन सोडलं, आणि त्या काळ्या भिंतीवरून पोरगं लाल फळीवर एक रेघ ओढत खाली आलं. अयेलेतच्या तोंडून आवाज फुटला, हसू की रडू कळेना. मग भिंत वाकली. रेघ पुसली गेली.

तिच्यामागून दुसरी फुटली, तिसरी फुटली. सगळा पांढरा फेस.

“काउंट?” अयेलेत शेजारीच उभी होती, तरी रेडिओवरच बोलली. आजोबांच्या रेडिओतूनही तिचा आवाज आला.

आजोबांनी बोट धरलं. राज, एक. पेरन, दोन. मायरा, तीन. आणि खडकांच्या बाजूला, फेसात एक डोकं.

“चार.”

“थँक गॉड,” अयेलेत खाली बसली. “राज, खडकांपाशी आहे तो. दिसतोय?”

“दिसतोय, जातोय!”

अयेलेतला दिसत होतं. राजला दिसत होतं. तीन आठवड्यांत आज पहिल्यांदा ते डोकं सगळ्यांना दिसत होतं. आजोबांचं बोट हवेतच राहिलं. चार. बोट करून मोजायला लागल्यापासून कधी चार आले नव्हते. आज आले होते.

एक कमी होता.

त्यांनी दुर्बीण लावली. त्या डोक्याच्या मागे नवीन लाट उभी राहत होती, आणि त्यानं मान वळवली नाही. तोंड कड्याकडेच. तिथून पुष्कळ लांब, कोणी बघत नव्हतं अशा जागी, फेसातून लाल फळीचं टोक वर आलं होतं. सरळ उभं, थरथरत. फळी पायाला दोरीनं बांधलेली असते. ती अशी उभी राहिली की माणूस तिच्या खाली असतो, हे पेरननंच शिकवलं होतं.

“पेरन,” आजोबा बटण दाबून ओरडले, “लाल फळी! लाल फळीकडे जा! तो माणूस सोड!”

“आजोबा, काय करताय तुम्ही!” अयेलेतनं त्यांचा दंड धरला. “चार बरोबर आहेत! इताय तिथं आहे, खडकांपाशी!”

“तो इताय नाही.”

“मग कोण आहे?”

आपण चुकत असू तर आपल्या हातानं नातू मारतोय, एवढं त्यांना कळत होतं. तरी त्यांनी पुन्हा बटण दाबलं, “लाल फळी!” म्हणाले आणि सोडलं.

रेडिओत पेरनचा श्वास आला. “कुठं बघतोय तो?”

“माझ्याकडे.”

पेरननं जेट-स्की वळवली.

फळीच्या टोकापाशी तो वाकला, दोन्ही हात पाण्यात घातले. लाट त्याच्यावर आली, गेली. मग त्याचा आवाज, तुटका. “मिळाला. श्वास आहे.”

आणि त्याच्यावरच चढलेला राजचा आवाज, आनंदानं फाटलेला. “मिळाला! घट्ट धरलंय त्यानं मला! आणतोय, आणतोय!”

अयेलेतनं फक्त दुसरं ऐकलं असावं. राजची जेट-स्की किनाऱ्याजवळ होती. ती रेडिओ तिथंच सोडून पायवाटेनं धावत सुटली. आजोबा राजला हाका मारत राहिले. तिवईला अडकवलेल्या तिच्या रेडिओतून त्यांचीच हाक त्यांना ऐकू येत होती, दुसरं कोणी ओ देत नव्हतं.

७

कड्यावरून वाळूवर जायला एकच पायवाट. एका बाजूला तुटलेला कडा, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण. एका वेळी एकच माणूस मावेल एवढी. आजोबा रेडिओ छातीशी धरून, तारेला धरून धरून उतरले. गुडघे आपल्या वेळेनं चालतात. वाटेत कोणी भेटलं नाही. एका वळणावर मात्र माती ओली होती, आणि तिथं वारा अचानक लागेनासा झाला, कोणी आडवं उभं राहावं तसा. ते अंग चोरून पुढे गेले. का चोरलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

खाली पोचले तेव्हा पेरन मायरालाही घेऊन नुकताच किनाऱ्याला लागला होता. यशोधन आणि मायरा इतायला काखेत धरून वाळूवर ओढत होते. त्याच्या तोंडातून पाणी येत होतं.

अयेलेतची तिकडे पाठ होती. ती राजच्या जेट-स्कीपाशी, गुडघाभर पाण्यात. माणूस आडवा घालून आणायची मागची फळी रिकामी होती. राज आपलं मनगट चोळत होता, चोळतच होता.

“आजोबा!” ती हसत होती, गाल ओले. “वाटेत भेटला ना इताय? काही बोलेना हो. मी मिठी मारायला गेले तर सरळ माझ्या बाजूनं चालत निघाला. मी विचारलं, कुठं? तर नुसतं वर बोट केलं. म्हटलं, तुमच्याकडे...”

तेव्हा तिला मायराची हाक ऐकू आली. तिनं मागे वळून वाळूवर बघितलं.

आजोबा इतायपाशी जाऊन बसले. छाती हलत होती, पण थांबून थांबून. प्रत्येक श्वासानंतर वाट बघावी लागत होती. त्यांनी आपला तळहात तिथं ठेवला.

त्यांच्या मांडीवरचा रेडिओ खरखरला.

आवाज वरून येत होता, अयेलेतच्या रेडिओवरून. ओला, सावकाश, नुकतंच मोजायला शिकलेल्या माणसासारखा.

“एक,” तो म्हणाला. “दोन. तीन.”

पेरन उभा होता तिथंच थिजला. राजनं मनगट सोडलं. वर बघायला कोणाची मान उठेना.

“चार. पाच. सहा.”

मग थांबला.

अयेलेत, यशोधन, मायरा, राज, पेरन. आजोबा स्वतः. आणि त्यांच्या हाताखाली इताय. वाळूवर माणसं सात होती.

हाताखालची छाती खाली गेली होती. ती वर येण्याची आजोबांनी वाट बघितली. मग रेडिओ उचलला, तोंडाजवळ नेला. लाँड्रीतल्या नवख्या पोराला सांगावं तसं, न रागावता, हळू बोलले.

“पुन्हा मोज, बाबा,” ते म्हणाले. “आम्ही सात आहोत.”

बटण सोडलं. वर, कड्यावर, खुर्चीतल्यानं बटण दाबल्याची खरखर झाली.

“एक,” तो म्हणाला.